तरुण संघाचा परदेशातील सेवादौरा कसा आखावा

ख्रिस्ती मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, तरुणांना सेवेसाठी परदेशी न्यायचे ठरले की पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती देश कोणता, तिकिटे केव्हा काढायची आणि सगळ्यांचे टी-शर्ट कोणत्या रंगाचे यावर. तिथल्या कोणी आपल्याला बोलावले आहे का, हा प्रश्न बहुधा तिसऱ्या-चौथ्या बैठकीत निघतो आणि तोवर तरुणांच्या मनात दौरा पक्का झालेला असतो. पुढे उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात असते. म्हणून येथे आधी यजमान, मग काम, त्यानंतर कायदा, माणसे आणि पैसा असा क्रम ठेवला आहे. हाताशी किमान एक वर्ष आहे असे गृहीत धरले आहे. सगळे तीन-चार महिन्यांत उरकायचे असेल, तर माझ्या मते दौरा पुढच्या वर्षावर ढकललेला बरा.

यजमान

यजमान म्हणजे त्या देशात आधीपासून काम करणारी आणि आपण परतल्यावरही तिथेच राहणारी मंडळी, धर्मप्रांत, मिशनचे रुग्णालय किंवा शाळा. अशी ओळख नसेल तर आपल्या पंथाच्या मिशन विभागाकडे चौकशी करावी. शुल्क भरले की कोणालाही दौरा आखून देणारे मध्यस्थही असतात. त्यांच्याकडे जायचेच असेल, तर त्यांनी पूर्वी नेलेल्या एक-दोन संघांच्या नेत्यांशी आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते संघ ज्या गावात गेले तेथील पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, आधी बोलून घ्यावे.

पहिल्या पत्रातच “आम्ही पंधरा तरुण येत आहोत, आमच्यासाठी काय काम आहे?” असे लिहिले, की उत्तर ठरलेलेच असते. ज्या मंडळीला आपल्याकडून देणगी मिळाली आहे किंवा पुढे मिळण्याची आशा आहे, तिला पाहुण्यांना नको म्हणणे जड जाते. मग गरज नसतानाही ती एखादी भिंत रंगवायला काढून देते. त्यामुळे प्रश्न असे विचारावेत, की नकार देणे सोपे व्हावे. येत्या वर्षात तुम्ही स्वतः कोणते काम हाती घेणार आहात? त्यात बाहेरच्या माणसांचे हात लागणार आहेत, की नुसता पैसा पुरेल? संघ आला तर तुमच्यापैकी कोणाला रोजचे काम बाजूला ठेवावे लागेल? कोणते महिने गैरसोयीचे आहेत? या शेवटच्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते. आपली लांब सुट्टी नेमकी त्यांच्या पेरणीच्या, परीक्षांच्या किंवा धो धो पावसाच्या दिवसांत येत असेल, तर आपले स्वागत होईल, पण ते ओढाताण करून होईल. शिवाय केवळ मुख्य पाळकांच्या होकारावर थांबू नये. महिला मंडळाच्या प्रमुख, संडे स्कूलच्या शिक्षिका आणि तिथल्या तरुण संघाचा सचिव यांच्याशीही वेगळे बोलणे व्हावे, कारण पाहुण्यांसाठी पाणी भरणे, स्वयंपाक करणे आणि गाडीची सोय पाहणे हे शेवटी त्यांच्याच अंगावर पडते.

माणसे पाठवावीत की पैसा, हा प्रश्न अवघड वाटला तरी टाळू नये. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हाहाकार माजवल्यावर उत्तर अमेरिकेतील अनेक मंडळ्यांचे संघ तिथे घरे बांधायला गेले. त्याच देशात राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर या कामाचा अभ्यास केला, तेव्हा प्रवासखर्च धरून अशा एका घरामागे सुमारे ३०,००० डॉलर गेल्याचे दिसले. स्थानिक ख्रिस्ती संस्था मात्र सुमारे २,००० डॉलरमध्ये घर उभे करत होती. घर परक्यांनी बांधले की गावकऱ्यांनी, याने त्या कुटुंबांच्या पुढील आयुष्यात फारसा फरक पडल्याचेही आढळले नाही. त्याच्या तीस वर्षे आधी, १९६८ मध्ये, कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते, की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मी इतक्या टोकाला जाणार नाही. मात्र दौऱ्याचे समर्थन “आम्ही त्यांचे काम करून देतो” या आधारावर होत नाही, हे मान्य करून पुढे जावे. दोन मंडळ्यांचे नाते दृढ होणे, तरुणांनी दुसऱ्या देशातील विश्वासणाऱ्यांकडून शिकणे आणि यजमानांनी मागितलेले एखादे विशिष्ट कौशल्य त्यांना उपलब्ध करून देणे, ही दौऱ्याची खरी कारणे असू शकतात. देणगीदारांनाही हेच सांगावे.

होकार मिळाल्यावर दोन पानांचा लेखी समझोता करावा. त्यात तारखा, संघाची कमाल संख्या, काम, राहण्याची जागा, दोन्ही बाजूंचे जबाबदार, यजमानांचा खर्च कोण व केव्हा देणार आणि कोणत्या परिस्थितीत दौरा रद्द होईल, हे स्पष्ट असावे. यजमानांचा खर्च म्हणताना जेवण, पाणी, इंधन, दुभाष्याचे मानधन आणि समन्वय पाहणाऱ्या व्यक्तीच्या वेळेचा मोबदला हे सारे धरावे. संख्येच्या बाबतीत यजमान बारा म्हणाले तर बाराच. तेरावा उत्साही तरुण कितीही गुणी असला तरी त्यांच्या गाडीत तेरावी जागा नसते.

काम कोणते घ्यावे

बांधकाम सगळ्यांना आवडते, कारण त्याचा फोटो निघतो. पण ज्या गावात गवंडी आणि मजूर कामाच्या शोधात आहेत, तिथे विटा उचलायला परदेशातून विमानाने माणसे नेणे म्हणजे त्यांच्या रोजगारावर घाला घालणे होय. यजमानांनी बांधकामासाठीच बोलावले असेल तर स्थानिक मुकादमाच्या हाताखाली, त्याचे व त्याच्या माणसांचे पूर्ण वेतन अंदाजपत्रकात धरून, तरुणांनी बिगाऱ्याचे काम करावे. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे मुकादम ठरवील. त्याने एखादा थर काढून पुन्हा रचायला सांगितला तर तो मुकाट्याने रचावा.

मुलांसाठीची बायबल शाळा किंवा शिबिर घ्यायचे असेल तर त्याचे नेतृत्व तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षकांकडे ठेवावे. गाणी, गोष्टी आणि हस्तकला त्यांनी निवडाव्यात, आपण साहित्य तयार करावे आणि हाताखाली उभे राहावे. असे केल्याने दुभाष्यावरचा ताण कमी होतो, आणि संघ निघून गेल्यावर पुढच्या रविवारी तीच मुले त्याच शिक्षकांकडे येतात. ग्रंथालयातील पुस्तकांची नोंदणी, संगणकांची दुरुस्ती, हिशेबाची पद्धत बसवून देणे, जुन्या नोंदवह्या टंकित करणे ही कामे दिसायला किरकोळ वाटतात, पण अनेक यजमानांना नेमकी तीच हवी असतात. संघात असे कौशल्य असलेले दोघेतिघे असतील तर आधी त्यांचा विचार व्हावा.

वैद्यकीय शिबिराबाबत अधिक कडक राहावे. आपल्या देशातील परवाना दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही; डॉक्टर आणि परिचारिकांना तिथल्या नोंदणी मंडळाची परवानगी लागते आणि तिला काही महिने जाऊ शकतात. जे काम आपल्या देशात विद्यार्थ्याला करू दिले जात नाही, ते दुसऱ्या देशातील रुग्णावरही करू देऊ नये. घरात उरलेली औषधे गोळा करून नेणे तर पूर्णपणे बंद असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार दान केलेले औषध त्या देशात पोहोचल्यानंतर सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष मुदतीचे असावे, ते तिथल्या गरजेला धरून असावे आणि रुग्णांनी परत केलेले नसावे. औषधे तिथेच विकत घ्यावीत हे बरे.

अनाथाश्रमाला भेट हा बहुतेक संघांच्या कार्यक्रमातील आवडता भाग असतो आणि तो मी काढून टाकायला सांगेन. जगभरात अशा संस्थांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे, आणि काही ठिकाणी पाहुणे व देणग्या येत राहाव्यात म्हणून, त्यांना घरापासून दूर ठेवले जाते. आठवडाभर मांडीवर घेणारी माणसे येतात आणि निघून जातात, पुढच्या महिन्यात दुसरी येतात, या फेऱ्याचा लहान मुलांच्या मनावर होणारा परिणाम चांगला नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांविषयी केलेल्या ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवेशी निगडित अपायांचा उल्लेख करून ते रोखण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले आहे. मुलांसाठी काही करायचे असेल तर ती आपल्या कुटुंबातच वाढावीत म्हणून काम करणाऱ्या स्थानिक उपक्रमाला यजमानांमार्फत आधार द्यावा.

चांगल्या हेतूने केलेले काम किती भरकटू शकते याचे उदाहरण हैतीतील आहे. जानेवारी २०१० मधील भूकंपानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या दहा जणांना ३३ मुले आवश्यक कागदपत्रांविना सीमेपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत असताना अटक झाली. मुले अनाथ असल्याचे सांगण्यात आले होते. पुढे त्यांतील अनेकांचे पालक हयात असल्याचे निष्पन्न झाले.

व्हिसा आणि धर्मविषयक कायदे

“पर्यटक म्हणून जाऊ, कोणाला काय कळते” हा सल्ला मंडळीतील अनुभवी माणसेही देतात. तो मुळीच ऐकू नये. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही, आणि धार्मिक कामासाठी व्हिसाचा वेगळा प्रकार असतो. आपण नेमके काय करणार आहोत हे एका परिच्छेदात लिहून त्या देशाच्या दूतावासाला कोणता व्हिसा लागेल असे लेखी विचारावे, आलेले उत्तर छापून सोबत ठेवावे आणि यजमानांकडून त्यांच्या अधिकृत कागदावर निमंत्रणपत्र घ्यावे. विमानतळावरील अधिकाऱ्याने विचारले तर प्रत्येक तरुणाने खरे आणि थोडक्यात सांगावे, याचा सराव घरीच करून घ्यावा. ज्या दौऱ्यासाठी सीमेवर खोटे बोलावे लागते, तो दौरा करूच नये.

धर्मप्रसाराचे नियम तर देशागणिक बदलतात. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ धर्मांतर घडवून आणण्यास मनाई करते. २०१८ पासून अमलात असलेल्या तेथील फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे, आणि परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर पाठवण्याची तरतूद आहे. अल्जीरियात २००६ पासून मुस्लिमांचे धर्मांतर घडवण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे. रशियाने २०१६ मध्ये प्रार्थनास्थळांबाहेरील मिशनरी कार्यावर कडक निर्बंध घातले. चीनने परदेशी नागरिकांच्या धार्मिक कार्याविषयीचे तपशीलवार नियम १ मे २०२५ पासून लागू केले. अशा ठिकाणी जाऊच नये असे नव्हे. पण तिथे काय बोलावे, काय वाटावे आणि कोणासाठी उघडपणे प्रार्थना करावी हे यजमान ठरवतील आणि त्यांचा शब्द अखेरचा असेल. आपण तर काही दिवसांनी विमानात बसू. आपल्या एखाद्या उत्साही पोस्टमुळे पोलीस चौकशीला आले, तर दारात उभे राहायचे ते त्यांना.

पासपोर्टचे काम लवकर सुरू करावे. अनेक देश प्रवेशाच्या किंवा परतीच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत मागतात. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. घरातील लाडके नाव, लग्नानंतर बदललेले आडनाव किंवा गाळलेले वडिलांचे नाव यांमुळे विमानतळावर होणारा मनस्ताप पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे.

माणसे आणि मुलांची सुरक्षितता

निवड अर्ज, मुलाखत आणि पाळकांची शिफारस यांवरून व्हावी, आणि ज्याने पैसे आधी भरले त्याला जागा, ही पद्धत टाळावी. मुलाखतीत “तुला का जायचे आहे?” यापेक्षा “मंडळीत सध्या तू कोणती जबाबदारी पार पाडतोस?” हा प्रश्न अधिक उलगडा करतो, कारण घरच्या मंडळीत खुर्च्या लावायला न थांबणारा मुलगा परदेशात जाऊन एकाएकी सेवाभावी होत नाही.

सोबत जाणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पोलीस पडताळणी करून घ्यावी, मग ते पाळक असोत की मंडळीचे वडील (ज्येष्ठ पदाधिकारी). कोणत्याही अल्पवयीनाबरोबर, स्वतःच्या संघातील असो वा यजमानांकडचा, एकच प्रौढ बंद जागेत कधीही नसावा. नेहमी नात्यातले नसलेले दोन प्रौढ असावेत. मुले आणि प्रौढ एका खोलीत झोपणार नाहीत, मुलामुलींची सोय वेगळी असेल आणि संघात स्त्री व पुरुष दोन्ही प्रौढ असतील. काही आक्षेपार्ह घडले तर मुलाने कोणाला सांगावे, हे निघण्यापूर्वी नावानिशी ठरवावे. ते नाव दौऱ्याच्या नेत्याचे नसावे, कारण तक्रार नेत्याविरुद्धही असू शकते. संपर्कासाठी घरच्या मंडळीतील एक व्यक्ती नेमून तिचा क्रमांक प्रत्येकाकडे द्यावा.

अल्पवयीनांसाठी पालकांचे संमतिपत्र लागते आणि ते “माझी हरकत नाही” एवढ्या एका ओळीचे चालत नाही. त्यात मुलाचे पासपोर्टवरील पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सोबतच्या जबाबदार प्रौढाचे नाव, प्रवासाच्या तारखा, देश, मुक्कामाचा पत्ता आणि तातडीच्या उपचारांना संमती देण्याचा त्या प्रौढाला दिलेला अधिकार, एवढे असावे. खाली आई आणि वडील दोघांच्याही सह्या आणि नोटरीचा शिक्का हवा. पालकांपैकी एक हयात नसल्यास मृत्यू दाखल्याची, विभक्त असल्यास ताब्याविषयीच्या न्यायालयीन आदेशाची प्रत जोडावी. काही देश १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल (कागदपत्र खरे असल्याचे परदेशात चालणारे अधिकृत प्रमाणपत्र) किंवा अधिकृत भाषांतरही मागतात. एक मूळ प्रत मुलाच्या हातातील पिशवीत, दुसरी नेत्याकडे. सामानात टाकलेले संमतिपत्र सीमेवरच्या खिडकीपाशी उपयोगाचे नाही.

पैसा

अंदाजपत्रकात विमानभाडे ठळक दिसते, पण गणित चुकते ते लहान बाबींनी: व्हिसा शुल्क, लसी, विमा, स्थानिक वाहन, बँकेचे शुल्क, चलनदरातील फरक. एकूण खर्चाच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम आकस्मिक निधी म्हणून वेगळी ठेवावी. जमा आणि खर्चाचे खाते मंडळीच्या नावावर असावे, कोणा व्यक्तीच्या नावावर नको, आणि पैसे काढायला दोन सह्या लागाव्यात. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांच्यासाठी मदतनिधी सुरुवातीलाच जाहीर करावा, म्हणजे कोणाला एकट्याने मागायला यावे लागत नाही.

देणगी मागताना दोन गोष्टी लेखी स्पष्ट कराव्यात: दौरा रद्द झाला किंवा एखादा तरुण गळाला तर पैशाचे काय होणार, आणि शिल्लक राहिल्यास ती कुठे जाणार. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल यरुशलेमेसाठी जमवलेली वर्गणी नेताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले प्रतिनिधी पाठवतो, ते याचसाठी की एवढ्या रकमेबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. निधिसंकलनासाठी यजमान गावातील मुलांची केविलवाणी छायाचित्रे वापरू नयेत. ते आवाहन आपल्या यजमानांनी वाचले तर त्यांना लाज वाटेल का, एवढी एक कसोटी लावली तरी निम्मी पत्रके पुन्हा लिहावी लागतील.

आरोग्य आणि विमा

प्रवास-आरोग्याच्या डॉक्टरांची भेट निघण्याच्या किमान चार ते सहा आठवडे आधी घ्यावी. हिपॅटायटिस बीची नेहमीची तीन मात्रांची मालिका सहा महिने चालते, त्यामुळे तिचा विचार त्याआधीच करावा. पीतज्वराची लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते आणि जुलै २०१६ पासून ते आजीवन वैध आहे. पीतज्वर असलेल्या देशातून येणाऱ्यांकडे ते मागितले जाते, आणि काही ठिकाणी अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबलेल्यांकडेही, म्हणून मार्गातील थांबे तपासावेत. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात: अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. घरी आल्यावर गोळ्या विसरणे ही तरुणांची खास खोड आहे. पालकांना ती तारीख आधीच द्यावी. मलेरियाचे डास संध्याकाळनंतर चावतात आणि डेंग्यूचे दिवसा, त्यामुळे नुसती मच्छरदाणी पुरत नाही.

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील सामानात न्यावीत, पण ती त्या देशात कायदेशीर आहेत का हेही पाहावे; एकाग्रतेच्या विकारासाठी दिली जाणारी अॅम्फेटामाइनयुक्त औषधे जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. नसतील तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजत राहावे. हे मिश्रण प्रत्येकाने निघण्यापूर्वी एकदा स्वतः करून पाहावे.

खरा धोका मात्र रस्त्यावर असतो. परदेशी प्रवाशांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत रस्ते-अपघात येतात. रात्रीचा लांबचा प्रवास नाही, मालवाहू गाडीच्या हौद्यात बसणे नाही, पट्टे नसलेली गाडी नाही आणि मोटारसायकल नाही, हे चार नियम समझोत्यातच घालावेत, म्हणजे ऐनवेळी यजमानांशी हुज्जत घालावी लागत नाही. अनोळखी गोड्या पाण्यात पोहू नये. मलावी सरोवरासारख्या नितळ दिसणाऱ्या पाण्यातही शिस्टोसोमायसिस या परजीवी रोगाचे जंतू असतात.

विमा घेताना दोन कलमे वाचावीत. रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, आणि अंगमेहनतीचे काम वगळलेले आहे का? अनेक प्रवासविम्यांत शिडीवर चढून केलेले काम बसत नाही आणि हे पडल्यानंतरच कळते.

निघण्यापूर्वीची तयारी

दौऱ्याआधी काही महिने संघाने नियमित एकत्र यावे. त्या देशाचा इतिहास, तिथे ख्रिस्ती मंडळी कशी रुजली, आज तिची स्थिती काय आहे, याचा अभ्यास व्हावा, आणि शक्य तर यजमान मंडळीतील कोणाला तरी पडद्यावरून बोलते करावे. त्या भाषेतील नमस्कार, आभार, क्षमा आणि “मला समजले नाही” एवढे प्रत्येकाला यावे. पेहराव, स्त्री-पुरुषांचे वागणे, उपासनेतील शिस्त आणि पानातले टाकण्याविषयीचे संकेत यजमानांकडून विचारून लेखी द्यावेत. सामानाची यादी लांबवण्यात वेळ घालवू नये. प्रत्येकाला स्वतःची बॅग उचलून दोन मजले चढता आले पाहिजे, इतका एकच नियम पुरे आहे.

एखादी संध्याकाळ केवळ “असे झाले तर काय” या प्रश्नांना द्यावी. पासपोर्ट हरवला, एकजण रुग्णालयात दाखल झाला, शहरात दंगल उसळली, घरी कोणाचे वडील वारले: प्रत्येक प्रसंगी कोण थांबणार, कोण मुलांसोबत पुढे जाणार, पालकांना कोण फोन करणार, हे नावांसह ठरवावे. दौऱ्याची माहिती आपल्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे किंवा तेथील दूतावासाकडे नोंदवावी.

तिथे गेल्यावर

संघाच्या जोड्या पाडाव्यात आणि प्रत्येक वेळी गाडीत बसताना नेत्याने डोकी मोजण्याबरोबर प्रत्येकाने आपला जोडीदार दिसतो का हे मोठ्याने सांगावे. गर्दीच्या विमानतळावर नुसत्या आकड्यात एखादा अनोळखी प्रवासीही मोजला जातो. रोज संध्याकाळी अर्धा तास बसावे. आज कोणाकडून काय शिकलो, कोणती गोष्ट खटकली आणि उद्या कोणाला विश्रांती हवी आहे, एवढे बोलून प्रार्थना करून उठावे. थकलेल्या तरुणाला एक दिवस बसू देण्यात कमीपणा नाही.

भेटवस्तू, पैसे, मिठाई रस्त्यात मुलांना वाटू नयेत. द्यायचे ते यजमान मंडळीमार्फत, आणि तेही शक्यतो न दिसता द्यावे. “मी तुला शिकवायला पैसे पाठवीन” अशी आश्वासने तरुण भावनेच्या भरात देतात आणि ती पाळली जात नाहीत. वैयक्तिक आश्वासन न देण्याचे वचन आधीच घ्यावे. छायाचित्र काढण्यापूर्वी त्या व्यक्तीला, मुलाच्या बाबतीत पालकांनाही, विचारावे. मुलाचे नाव, शाळा आणि ठिकाण एकत्र कधीच प्रसिद्ध करू नये. फोन काही तास बंद ठेवण्याचा नियम केला तर पहिल्या दिवशी कुरकुर होते, मग कोणी विचारतही नाही.

यजमानांच्या समन्वयकाशी नेत्याची रोज दहा मिनिटे भेट व्हावी. कार्यक्रम बदलला, काम रेंगाळले किंवा दुपारभर काहीच झाले नाही तरी संघाला रिकामे वाटू नये म्हणून नवे काम मागू नये. त्या दुपारी यजमानांच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या मुलींनी तिथल्या स्त्रियांकडून जे ऐकले, ते ठरवून घेतलेल्या सभेत सहसा कोणी सांगत नाही.

परतल्यावर

पहिल्या आठवड्यात संघाने एकदा निवांत भेटावे. परतल्यावर काहींना घरातील सुबत्ता बोचू लागते, काही जण चिडचिडे होतात, काहींना कोणी नीट विचारतच नाही याचे वाईट वाटते; हे सर्वसाधारण आहे असे मोठ्यांनी त्यांना सांगावे. मंडळीपुढे साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, यजमानांची नावे आणि त्यांचे काम पुढे असावे, आणि “त्यांच्याकडे काहीच नाही तरी ते आनंदी आहेत” हे वाक्य कोणी उच्चारणार नाही याची आधीच काळजी घ्यावी.

महिनाभरात लेखापरीक्षित हिशेब देणगीदारांना आणि यजमानांना एकाच वेळी पाठवावा. यजमानांकडून लेखी अभिप्राय मागवावा: काय उपयोगी पडले, कशाचा भार झाला, संघ पुन्हा यावा असे वाटते का, की पुढच्या वेळी त्यांच्यातील कोणी आपल्याकडे यावे. हा शेवटचा पर्याय गंभीरपणे घ्यावा आणि त्याच्या विमानभाड्यासाठीही तितक्याच हिरिरीने पैसे उभे करावेत.

मलेरियाच्या प्रदेशातून आल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना देशाचे नाव आणि परतल्याची तारीख सांगावी व त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.

राहिले कागदपत्र. समझोता, अंदाजपत्रक, व्हिसाविषयीचा पत्रव्यवहार, यजमानांचा अभिप्राय आणि नेत्याच्या टिपा एका फाईलमध्ये लावून मंडळीच्या कार्यालयात द्याव्यात, कारण पुढचा नेता बहुधा दुसरा असतो. अपघात, तक्रार किंवा विम्याचा दावा झाला असेल तर त्या मुलाचे संमतिपत्र आणि संबंधित नोंदी बंद पाकिटात जपाव्यात. बाकी सर्वांच्या पासपोर्टच्या प्रती आणि आजारांची माहिती असलेले अर्ज मात्र त्या फाईलमध्ये जाऊ देऊ नयेत. ते फाडून टाकावेत आणि फोनमधील प्रतीही पुसाव्यात.